स्वतःचे संकेतस्थळ: आधी नाव, मग बाकी सारे

स्वतःचे संकेतस्थळ उभारताना जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांपैकी बहुतेक पुढे बदलता येतात. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळाची पाने इंटरनेटवर ठेवण्याची जागा, देणारी कंपनी बदलता येते, पानांची मांडणी नव्याने करता येते, मजकूर एका प्रणालीतून दुसरीत हलवता येतो. नाव मात्र सहज बदलता येत नाही, कारण इतरांनी आपल्या पानांना दिलेले दुवे, वाचकांनी जपून ठेवलेले पत्ते आणि शोधयंत्रांतील नोंदी हे सारे त्या नावाशी बांधलेले असते. जिओसिटीज या मोफत सेवेवर जगभरातील असंख्य लोकांनी वैयक्तिक पाने तयार केली होती. २००९ मध्ये याहूने जपान वगळता ती सेवा बंद केली, तेव्हा त्या पानांचे पत्तेही गेले, कारण पत्ता कंपनीचा होता, लिहिणाऱ्याचा नव्हता. म्हणून पैसे थोडेच खर्च करायचे असतील, तर ते प्रथम स्वतःच्या डोमेन नावावर, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातील नावावर, करावेत.

नाव शोधण्याआधी दोन-तीन पाने खरोखर लिहून काढावीत. काय लिहायचे आहे हे मनात स्पष्ट आहे असे वाटते, पण प्रत्यक्ष लिहिल्यावर विषय बहुधा थोडा सरकतो, आणि सरकलेल्या विषयाला आधी घेतलेले नाव बसत नाही.

भाषांतरकार, छायाचित्रकार, संशोधक किंवा विविध विषयांवर लिहिणारी व्यक्ती यांनी शक्यतो स्वतःचे नाव घ्यावे, असे माझे ठाम मत आहे, कारण विषय बदलला तरी व्यक्ती तीच राहते. आपल्याकडे नाव आणि आडनाव यांची प्रचलित जोडी अनेकांची सारखी असते, त्यामुळे ती मिळत नसेल तर मधल्या नावाचे आद्याक्षर, गावाचे नाव किंवा आपल्या कामाचा निर्देश जोडावा. नुसता आकडा जोडल्याने नाव लक्षात राहत नाही. विवाहानंतर आडनाव बदललेल्या किंवा बदलण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनी, ज्या नावाने आपले लेखन अथवा काम ओळखले जाते, तेच नाव निःसंकोच वापरावे.

विषयावरून नाव घ्यायचे असेल तर अधिक विचार लागतो. समजा, कोकणातील भातशेतीच्या नोंदी ठेवणारे संकेतस्थळ आहे. ‘शेती’ हा शब्द फार व्यापक आहे. ‘लावणी’ हा शब्द नेमका आहे, परंतु शोध घेणाऱ्याला त्या नावाखाली नृत्य आणि गाणीच सापडतील. ‘तरवा’ म्हणजे लावणीसाठी तयार केलेली रोपे. शब्द अस्सल आणि अर्थाने समृद्ध आहे, पण रोमन लिपीत त्यातील ‘व’ साठी व्ही लिहावे की डब्ल्यू, आणि ‘र’ नंतर ए घालावे की नाही, याबाबत प्रत्येकाची सवय वेगळी. ‘खाचर’ बरे वाटते, मात्र रोमन अक्षरांत ते हिंदी वाचकाला ‘खच्चर’ असे दिसू शकते. ‘लोंबी’ हा शब्द या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरतो: तो लहान आहे, भाताशी थेट जोडलेला आहे आणि बहुतेक मराठी माणसे तो रोमनमध्ये एकाच प्रकारे लिहितील.

ही कसोटी प्रत्येकाने स्वतःच्या नावावर लावून पाहावी. दोन-तीन जणांना फोनवर नाव फक्त एकदा सांगावे आणि त्यांना ते इंग्रजी कळफलकावर लिहून पाठवण्यास सांगावे. व, फ, ळ, ण, क्ष आणि दीर्घ आ असलेल्या नावांत उत्तरे वेगवेगळी येतात. तशी आली आणि तरीही तेच नाव हवे असेल, तर दुसरे प्रचलित स्पेलिंगही विकत घेऊन ते मुख्य पत्त्याकडे वळवावे. दोन शब्द जोडून नाव केले असेल तर रोमनमध्ये सांध्यावर भलताच शब्द तयार होत नाही ना, हेही मोठ्याने वाचून पाहावे. नियमाने नावाच्या एका भागात ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण बारा-पंधरांच्या पुढे जाऊ नये. जोडरेषा चालते, मात्र ती प्रत्येक वेळी तोंडी सांगावी लागते.

नावाच्या शेवटी ‘डॉट इन’ घेतले तर ते भारतीय वाचकांना परिचित आहे. परदेशातील मराठी वाचकही महत्त्वाचे असतील तर ‘डॉट कॉम’ पाहावे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही सोय २०१४ पासून मराठीसह अनेक भाषांसाठी आहे, आणि तेथे ळ, ण यांचा प्रश्नच उरत नाही. तथापि, यंत्रणा आतून हे नाव ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालिकेत बदलते आणि काही ठिकाणी वाचकाला तीच मालिका दिसते, शिवाय देवनागरी ईमेल पत्ते सर्वत्र स्वीकारले जात नाहीत. त्यामुळे देवनागरी नाव अवश्य घ्यावे, पण रोमन नावाच्या जोडीला.

नाव उपलब्ध दिसले तरी लगेच घेऊ नये. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रतींच्या संग्रहात, ते टाकून पूर्वी तेथे काय होते ते पाहावे, आणि भारतीय व्यापारचिन्ह नोंदणीच्या सार्वजनिक शोधात तेच नाव कोणाचे नोंदलेले नाही ना याची खात्री करावी. खरेदी करताना पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर पाहावा. नोंदणी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवरच असावी. संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात ती कधीही ठेवू नये. संपर्काचा ईमेल त्याच नव्या डोमेनवरचा नसावा, कारण नूतनीकरण चुकल्यास सूचना येणारा पत्ताच बंद पडतो.

उभारणीचे काम यानंतर फारसे अवघड नाही. मोजकीच पाने असतील तर स्थिर, म्हणजे प्रत्येक वाचकाला जशीच्या तशी दिसणाऱ्या, पानांचे मोफत होस्टिंग पुरते. नियमित लेखन करायचे असेल तर वर्डप्रेस ही लेखन प्रकाशित करण्याची प्रणाली सोयीची पडते. होस्टिंग कंपनीने दिलेल्या डीएनएस नोंदी, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदी, डोमेनच्या खात्यात भरल्यावर बदल सगळीकडे पोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमार्फत विनामूल्य मिळते.

मराठी मजकुराबाबत दोन गोष्टी आवर्जून कराव्यात. जुने लेखन युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या टंकांत असेल तर ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे व रफार तपासावेत, अन्यथा ते शोधयंत्राला सापडत नाही. तसेच प्रत्येक पानाचा पत्ता लहान रोमन शब्दांत ठेवावा: पत्त्यातील एकेक देवनागरी चिन्ह, काना-मात्रेसह, दुवा चिकटवताना अनेकदा नऊ रोमन चिन्हांचे होते, आणि दहा चिन्हांच्या शीर्षकाचा नव्वद चिन्हांचा दुवा होतो.

प्रकाशनानंतर संपूर्ण संकेतस्थळाची प्रत दर महिन्याला स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी. डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येते; परवडेल तितकी वर्षे नोंदवावीत आणि खात्याची माहिती, नूतनीकरणाची तारीख व होस्टिंगचा तपशील घरातील एका विश्वासू व्यक्तीकडे लिहून द्यावा.