पुढच्या चाकातून आवाज येतोय? बेअरिंग बदलण्याआधी एवढं करून पाहा

फोर बाय फोर पिकअपच्या पुढच्या चाकाकडून घूं-घूं असा आवाज यायला लागला की बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द येतो, बेअरिंग. मीही एकदा याच खात्रीने उजवीकडचं बेअरिंग बदलून घेतलं. पैसे गेले, आवाज मात्र जिथल्या तिथे. दोष टायरचा होता. तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी आधी आवाज ऐकतो. तो कधी येतो, कधी वाढतो आणि कधी थांबतो हे कळलं की अर्धं काम झालं.

पहिली पायरी, चक्कर मारणं. मोकळा, सरळ रस्ता निवडा. गाडी टू एचमध्ये (फक्त मागची चाकं गाडी ओढतात ती स्थिती), रेडिओ-पंखा बंद, काचा खाली. ताशी 50-60 किलोमीटरवर क्लच दाबा. इंजिनचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनचा नाही, फिरत्या चाकांचा आहे. आता स्टेअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे वळवा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घूं-घूं वाढली तर पहिला संशय उजव्या बेअरिंगवर. हा संशयच समजा, पुरावा नव्हे.

डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर तपासा. टायरवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागलं तर झीज वाकडी आहे. चारही टायर एकाच मापाचे असतील तर त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदलून पाहा. आवाज मागे गेला की निकाल लागला.

ब्रेक हलका दाबताच आवाज बदलला तर पॅड आणि डिस्क बघा. पॅड संपत आले की त्यावरची छोटी पत्री डिस्कला घासून चीं-चीं करते. एकसारखी खर्र-खर्र असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलाय का ते पाहा. खडा पडला की आवाज बंद. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती नाही.

आता खास फोर बाय फोरची भानगड. काही गाड्यांत पुढची हब, म्हणजे चाकाला शाफ्टशी जोडणारे-सोडणारे भाग, व्हॅक्यूमवर (इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर) चालतात. व्हॅक्यूम असेपर्यंत हब सुटलेलं राहतं आणि तो गेला की स्प्रिंग त्याला जोडते. नळी कुठे तडकली असेल तर व्हॅक्यूम अपुरा पडतो, हब धड सुटतही नाही, धड जुळतही नाही, आणि दाते दातांवर घासून करकरतात. ॲक्सिलरेटर दाबला किंवा चढ लागला की इंजिनमधला व्हॅक्यूम आणखी कमी होतो, म्हणून करकर नेमकी तेव्हा येते. फोर एच (चारही चाकं ओढतात ती स्थिती) टाकताच ती थांबली तर बेअरिंगला हात लावू नका, आधी नळ्या आणि हब तपासा. ही चाचणी मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरच करा. मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर एचमध्ये वळवली की ती आखडते, झटके देते. तो बिघाड नव्हे, तिचा स्वभावच आहे.

मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. कट्-कट् आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा शाफ्टचा सांधा, गेलाय. त्याचं रबरी बूट फाटलं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. हब सुटलेलं असेल तर शाफ्टवर भार येत नाही, म्हणून ही कट्-कट् काही गाड्यांत फक्त फोर एचमध्येच ऐकू येते.

शेवटी जॅक. जमीन सपाट आणि टणक हवी, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी टू एचमध्ये, आणि वजन जॅकवर नाही तर स्टँडवर. चाक उचललेलं असताना इंजिन चालू करून ते फिरवू नका. गाडी स्टँडवरून उतरायला एक क्षण पुरतो. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा). डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉडही (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) बघा. मग कॉइल स्प्रिंगवर बोटं ठेवून दुसऱ्या हाताने चाक हळू फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते. मात्र बोटं फिरत्या भागांपासून लांब ठेवा.

चाक काढलं असेल तर नट एकाआड एक असे चांदणीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळा आणि 80-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. खेळ आणि आवाज दोन्ही असतील तर गाडी टो करूनच न्या.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं ‘पुढून आवाज येतो’ म्हणू नका. ‘टू एचमध्ये, 50 च्या वर, डावीकडे वळताना वाढतो, ब्रेकने फरक पडत नाही’ असं सांगा. मग त्याला शेजारी बसवा आणि तीच चक्कर पुन्हा मारा.