ट्रेलरचं सरकतं किचन: चॅनेल, फ्रेम आणि वजनाचा हिशेब

कॅम्पिंग ट्रेलरच्या कप्प्यातून ड्रॉवरसारखं बाहेर ओढायचं किचन बनवताना सुरुवात प्लायच्या मापापासून नको, वजनापासून करा. दोन बर्नरची शेगडी ५-६ किलो, भांडी आणि शिधा १२-१५ किलो, फ्रेम-प्लाय मिळून १० किलो, म्हणजे तिशीच्या आसपास. त्यातच २० लिटर पाणी आणि भरलेला ५ किलोचा सिलिंडर ठेवला, की आकडा ६० च्या वर जातो. म्हणून हे दोन्ही सरकत्या भागावर ठेवूच नका. पाण्याचा कॅन ट्रेलरच्या तळाशी, ॲक्सलजवळ. सिलिंडर ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर, मोकळ्या हवेत, उभा आणि पट्ट्याने आवळलेला.

घरच्या ड्रॉवरला लागणारे ४५ मिमीचे टेलिस्कोपिक चॅनेल (ज्यांवर ड्रॉवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्या) कागदावर ३५-४५ किलो पेलतात. खड्ड्यात आदळल्यावर मात्र ते वाकतात, आतल्या बेअरिंगच्या गोळ्या निसटतात आणि किचन अर्ध्यावर अडकतं. इथे पैसे वाचवू नका: १०० किलोच्या वरचे, पूर्ण उघडणारे आणि आत-बाहेर दोन्हीकडे लॉक होणारे चॅनेल घ्या. ते बाजूलाच, उभे लावायचे. तळाखाली आडवे लावले तर क्षमता फारच घटते.

असा जड चॅनेल साधारण १९ मिमी जाडीचा असतो. कप्प्याची आतली रुंदी ५६० मिमी असेल तर दोन्ही बाजूंचे ३८ वजा करा, १ मिमी मोकळीक सोडा आणि फ्रेम ५२१ मिमीची करा. २५ × २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप आणि वर १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय पुरे. १८ मिमी प्लायने वजनच वाढतं. कापलेल्या कडा सील करा, नाहीतर पहिल्याच पावसात प्लाय फुगतो.

वेल्डिंगने फ्रेम ओढली जाते, म्हणून थंड झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. बसवताना आधी चॅनेलच्या लांबट भोकांतच स्क्रू लावा, तेही सैल. कप्प्याची रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा. कुठे फरक निघाला तर चॅनेलमागे पत्र्याची पट्टी घाला. किचन चार-पाच वेळा आत-बाहेर करून पाहा, अडत नसेल तरच गोल भोकांत बोल्ट टाकून आवळा. बोल्ट एम६ (६ मिमी जाडीचा), मोठा वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सैल न होणारा नट. ट्रेलरच्या थरथरीत प्लायमधला लाकडी स्क्रू टिकत नाही.

किचन रस्त्याच्या कडेला, म्हणजे आपल्याकडे डाव्या बाजूला उघडू द्या. आधी ट्रेलरचे चारही जॅक खाली, मगच लॉक सोडा. नाहीतर ९०० मिमी बाहेर आलेलं वजन ट्रेलरला एका अंगावर कलवतं. बाहेरच्या टोकाला उंची कमी-जास्त होणारा दुमडता पाय हवाच. कणीक मळताना किंवा वाटण वाटताना सगळा जोर त्या टोकावर येतो.

शेगडी बाहेरच्या टोकाला, चिरायची जागा मधे. बर्नर जमिनीपासून ८०-८५ सेंमीवर आला तर कंबर दुखत नाही. रबरी नळी किचनमध्ये कायमची जोडून ठेवू नका, सरकताना ती चिमटते. स्वयंपाकाच्या वेळी सिलिंडर खाली उतरवा, आयएसआय शिक्क्याची दीड मीटरपर्यंतची नळी जोडा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खोलगट जागी साचतो. तिथे सिलिंडर नको.

चॅनेलला ग्रीस थापू नका. लाल माती त्यात चिकटते आणि गोळ्या झिजवते. कोरड्या फडक्याने पुसा, सिलिकॉनचा हलका फवारा मारा.