आधी पासपोर्ट बघा

दर एप्रिलमध्ये शेवटचं सेमिस्टर संपत आलं की सांगली-मिरजेकडच्या कुणाच्या तरी भाच्याचा मला फोन येतो. "ताई, कॅनडात वर्क परमिटसाठी काय काय लागतं?" मी उलट विचारते, "पासपोर्ट कधी संपतोय?"

मी तिथेच आपटले होते. ऑन्टॅरिओतला दोन वर्षांचा डिप्लोमा २०१९ मध्ये संपला, पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट, म्हणजे शिक्षणानंतर तिथे नोकरी करायची परवानगी, तीन वर्षांचं मिळणार म्हणून मी निवांत. कागद आला तर मुदत सोळाच महिन्यांची. पासपोर्ट काढून शेजारी ठेवला, दोन्हींवर तारीख एकच! पासपोर्टपुढे एक दिवसही मिळत नाही. पुढे नवा पासपोर्ट काढून, छापील फॉर्म कुरिअरने पाठवून उरलेले महिने पदरात पाडून घेतले, पण तोवर झोप उडाली. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण आधी.

मुदतीचा हिशोब सोपा आहे. आठ महिन्यांपेक्षा छोट्या कोर्सला काहीच नाही, दोन वर्षांच्या आतल्याला कोर्सएवढंच, दोन वर्षं किंवा जास्त असेल तर तीन वर्षं. मास्टर्स छोटं असलं तरी १५ फेब्रुवारी २०२४ पासून तीन वर्षं देतात.

कोर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजने लेखी कळवलं की अर्जासाठीचे १८० दिवस सुरू. पदवीदानाचे फोटो नंतर काढा. स्टडी परमिट त्याआधीच, ९० दिवसांत संपतं. छापील तारीख अलीकडची असेल तर त्या तारखेला. ते जिवंत असताना अर्ज टाकला आणि शिकताना कामाच्या तासांची मर्यादा पाळलेली असेल, तर निकाल येईपर्यंत पूर्णवेळ नोकरी करता येते. फी २५५ डॉलर.

सध्या सगळे अडकतात ते भाषेच्या परीक्षेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून तिचा निकाल जोडावाच लागतो, आणि अ‍ॅडमिशनला दिलेली आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची अकॅडमिक आवृत्ती इथे चालत नाही. जनरल द्यायची, विद्यापीठाच्या पदवीवाल्यांना चारही भागांत किमान ६. डिप्लोमावाल्यांना कमी गुण पुरतात, पण स्टडी परमिटचा अर्ज त्या तारखेला किंवा नंतर केला असेल तर विषय सरकारी यादीत आहे का ते तपासा.

परमिट हातात आल्यावर नोकरी निवडताना पुढच्या पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, विचार करा. एक्सप्रेस एंट्री या पीआरच्या अर्जपद्धतीतल्या कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास या गटासाठी वर्षभराचं कुशल काम लागतं. कॉफीच्या काउंटरवरचं वर्ष त्यात धरत नाहीत, सुपरवायझरचं धरतात. शिकत असताना केलेले तासही मोजत नाहीत.

परमिट संपत आलं की "एलएमआयए करून देतो, इतके हजार लागतील" असं सांगणारे भेटतात. एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस कामावर ठेवायला मालकाने सरकारकडून घ्यायची मंजुरी. त्याची १,००० डॉलर फी मालकाने सरकारला भरायची असते. तुमच्याकडून वसूल करणं बेकायदा आहे. तिथेच फोन ठेवा.