जळगावच्या उन्हाळ्यात १:२० ची एफ वन गाडी बनवायची तर

किट, म्हणजे जोडायच्या प्लास्टिक पार्टांचा संच, १:२० चं, खऱ्या गाडीच्या विसाव्या हिश्श्याचं घ्या, टामिया या जपानी मॉडेल कंपनीचं मॅकलरेन एमपी४/४ मिळालं तर मजाच, १९८८ ला आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रोस्ट या ड्रायव्हरांनी १६ पैकी १५ रेस याच गाडीवर मारल्या. पार्ट फ्रेमपासून हाताने पिरगाळून तोडू नका. साइड कटरने जरा लांबून कापा, उरलेलं टोक ब्लेडने काढा, मग बारीक पॉलिश पेपर.

खरं काम इंजिनात आहे. मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर २०, म्हणून ८ मिमीची प्लग वायर दाखवायला ०.४ ची तार लागते. होंडाचं व्ही६, म्हणजे सहा सिलेंडरचं इंजिन आहे, म्हणून वायरी ६. पिन व्हाइसने (हाताने फिरवायचा बारीक ड्रिल) भोक पाडायचं, तारेच्या टोकाला सुईने सुपरग्लूचा टिपका, भोकात बसवून पाच मिनिटं हात लावायचा नाही आणि मगच चिमट्याने वाक द्यायचा, नाहीतर तार उपटून हातात येते.

आता रंग, आणि इथेच आपलं ऊन आडवं येतं भो. मेमधे फवारलेला लॅकर (झटपट वाळणारा रंग) बॉडीवर पोचायच्या आत हवेतच सुकतो न सगळं खरखरीत होतं, त्यात कूलर चालू असला तर दमट हवेने रंग पांढुरका पडतो. म्हणून कूलर बंद, थिनरमधे थोडा रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव), आणि पहाटेच उरकायचं, खिडकी उघडी ठेवून, तोंडाला मास्क लावून. आधी पांढरा, वाळला की मास्किंग टेप, मग फ्लोरोसेंट लाल, पांढऱ्या बेसशिवाय तो उठतच नाही.

डिकलवर (गाडीवरच्या नाव-नंबरांचे पातळ स्टिकर) क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, मारताना पहिले हात एकदम हलके ठेवा, जाड थर बसला की डिकल सुरकुततात.