सिल्ट कर्टन लावूनही गाळ बाहेर येतोय? माझा अनुभव

कोकणातल्या खाडीत जेट्टीचे पाईल (तळात रोवायचे खांब) घेत होतो. सिल्ट कर्टन म्हणजे गाळ अडवायला पाण्यात सोडलेला तरंगता पडदा. तो असूनही भरतीला गढूळ पट्टा थेट कालवांच्या खडपांकडे जायचा. पडद्याच्या खालच्या कडेच्या साखळीचं वजन वाढवलं, पडदा तळापर्यंत लांबवला; खालची कड चिखलात रुतली आणि भरतीने पडदा वर धरणारे फ्लोट पाण्याखाली गेले. आठवडाभर नुसता जीव जळत होता.

जमलं ते असं. आधी उधाणाच्या ओहोटीला खोली मोजली. पडदा त्याहून फूटभर आखूड बांधला. मग प्रवाहाला आडवा न लावता लांब बाजू प्रवाहाला समांतर ठेवली. नांगर दोन्ही बाजूंना, कारण खाडीचं पाणी उलटतं. दोर थेट पडद्याला नाही, आधी बोयाला, नाहीतर फ्लोट बुडतात. भरतीला खालची फट वाढते, म्हणून पाईलिंग ओहोटीच्या सुमारासच. काम संपल्यावर आतलं पाणी निवळेपर्यंत पडदा हलवला नाही.