पराटीत (म्हणजे कपाशीत) बोंडअळी पाहायला दोघं जा, पण आकडा तोंडानं सांगू नका

आमच्या घरी दर सीझनले हेच. बाबा वावरातून येतात, "अळी-बिळी नाही, पराटी मस्त आहे", अन् लहान भाऊ त्याच वावरातून येऊन म्हणते, "फवारा आणा लवकर". दोघंही खोटं बोलत नाहीत बरं.

तर मी काय करतो ते सांगतो. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावर उभं राहून, पाहणं बंद. वावरात आडवंतिडवं फिरायचं आणि एकरी २० हिरवी बोंडं तोडायची, वेगवेगळ्या झाडांची, चांगली दिसली तीच नाही अन् खराब दिसली तीच पण नाही, हाताले लागेल ते. मग सावलीत बसून फोडायची, कारण डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेलं फूल) दिसली तर गोष्ट वेगळी, बाकी बोंडातली अळी बाहेरून कळतच नाही.

आता मेन काम. तीच फोडलेली बोंडं दोघांनी वेगवेगळी पाहायची आणि किडकी किती ते कागदावर लिहायचं, बोलायचं नाही, नाहीतर बाबा आधी "काहीच नाही" म्हणाले की भाऊ तेच लिहिते. चार-पाच वेळा असं केलं की कोण कसं पाहते ते कळते. आमचे बाबा दरवेळी एक-दोन कमीच मोजतात, लहान अळी पांढरट असते, गुलाबी मागून होते, अन् चाळिशी त्यांच्या खिशातच राहते.

फरक ठरलेला असला तर टेन्शन नाही, तेवढा धरून चालायचं. कधी कमी कधी जास्त होत असेल तर परत मोजा. असाच एक जुना किस्सा आहे: १७९६ मध्ये इंग्लंडातल्या ग्रीनविचच्या वेधशाळेत तिथला प्रमुख मास्केलाइननं किनेब्रूक नावाच्या असिस्टंटले काढून टाकलं, दुर्बिणीतून तारा गेल्याची वेळ ०.८ सेकंद उशिरा लिहितो म्हणून, मागून बेसेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं दाखवलं की असा फरक प्रत्येकच पाहणाऱ्यात असते. बिचाऱ्याची नोकरी फुकट गेली!

मोजणी जुळली तरी भांडण राहतेच. २०१७ ची बोंडअळी ज्यानं भोगली त्याले एक अळी दिसली तरी धडकी भरते, अन् ज्याच्यावर कृषी केंद्राची उधारी आहे त्याले पाच दिसल्या तरी "पाहू पुढच्या आठवड्यात". म्हणून वावरात जायच्या आधीच ठरवा, २० पैकी २ किडकी म्हणजे १० टक्के, तिथं फवारणी.

यंदा पहिल्याच एकरात बाबांच्या कागदावर १, भावाच्या ३. चाळिशी लावून परत पाहायले लावलं, ३ च निघाली.

"उजेड कमी होता बे," बाबा म्हणाले. दुपारचे बारा वाजले होते.