अमेरिकी राज्यांच्या संगणक-गुन्हे कायद्यांची तुलना : या चुका टाळा

पुण्यात बसून अमेरिकी वकिलांसाठी कायद्यांचे तुलनात्मक तक्ते करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि नवा येणारा प्रत्येक जण त्याच दोन-तीन खड्ड्यांत पडतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 देशभर एकच चालतो. तिकडे फ्लोरिडाने 1978 मध्ये, तर व्हर्मॉंटने थेट 1999 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि शब्दही आपापले योजले.

सर्वांत महागात पडते ते केवळ व्याख्या वाचून रकाना भरणे. एका वकीलबाईंना संगणकातील 'ॲक्सेस' (संगणकात प्रवेश किंवा त्याचा वापर) या शब्दाचा 1990 च्या दशकातील इतिहास हवा होता. आमच्या नवख्या सहकाऱ्याने कॅन्सस आणि वॉशिंग्टन यांच्यापुढे 'व्याख्या समान' असे लिहिले आणि मीही घाईत तो तक्ता पुढे धाडला. शब्द खरोखरच सारखे होते, अगदी संगणकाच्या 'जवळ जाणे' हेसुद्धा दोन्हीकडे होते. बाईंनी दोन निकालांची नावे लिहून तक्ता परत पाठवला. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये रायली खटल्यात, टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेवर सहाआकडी क्रमांक एकामागून एक टाकून पाहणे हाच ॲक्सेस ठरवला. कॅन्ससमध्ये मात्र मोडेमवर फोन लावून पासवर्डच्या पडद्यापर्यंत पोहोचलेल्या ॲलन नावाच्या माणसावरील आरोप 1996 मध्ये टिकला नाही, कारण संगणक वापरण्याची क्षमता त्याच्या हाती आल्याचा पुरावा नव्हता आणि 'जवळ जाणे' शब्दशः घेतले तर संगणकाशेजारी उभा राहणाराही गुन्हेगार ठरला असता. तेव्हापासून त्या कलमाखालचा किमान एक निकाल शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी व्याख्येचा रकाना कोराच ठेवतो. यात वेळ जातो अशी तक्रार करणाऱ्यांना मी टंकलेखनाचे काम देतो.

दुसरी चूक शिक्षेच्या वर्गाचे अक्षर उतरवण्याची. 'क्लास ए मिसडिमीनर' (कमी गंभीर गुन्ह्यांतील सर्वांत वरचा वर्ग) म्हणजे टेक्ससमध्ये कमाल एक वर्ष, तर न्यूयॉर्कमध्ये 2019 पासून कमाल 364 दिवस. आणि देशातून हकालपट्टीच्या काही तरतुदी 'एक वर्ष किंवा अधिक' शिक्षेवर बेतलेल्या असल्याने तिकडे व्हिसावर राहणाऱ्या आपल्या माणसाला तो एक दिवस फार मोठा असू शकतो. म्हणून मी अक्षराशेजारी नेहमी दिवस लिहितो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा व्हॅन ब्युरन खटल्यातील 2021 चा निकाल, म्हणजे ज्या माहितीपर्यंत जाण्याची परवानगी आहे तिचा गैरवापर हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही हा, केंद्रीय संगणक-गुन्हे कायद्याविषयी आहे. तो राज्यांच्या रकान्यात चिकटवू नये. कॅलिफोर्नियाच्या संगणक-गुन्ह्यांवरील कलम 502 बाबत तर नवव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) 2015 मध्येच म्हटले होते की, पासवर्ड वैध असला तरी परवानगीवाचून माहिती उचलणे गुन्हा ठरू शकते.

केवळ संगणकाचे प्रकरण वाचून थांबू नये. चोरी आणि फसवणुकीची कलमे बहुधा दुसरीकडे असतात. आयते मिळणारे पन्नास राज्यांचे तक्ते, त्यांवर तारीख नसेल तर, मी उघडतही नाही.